आमच्या पैशाचं मत तुमच्या हातात आहे : म्युच्युअल फंडांच्या व्यवस्थापकांना खुले पत्र

प्रति,
जलविद्युत कंपन्यांचे शेअर आणि रोखे बाळगणाऱ्या सर्व म्युच्युअल फंडांचे व्यवस्थापक,
मुंबई

स. न. वि. वि.

मी एका इंडेक्स फंडाचा आणि एका डेट फंडाचा युनिटधारक आहे. रक्कम मोठी नाही. निवृत्त होताना हातात आलेल्या पैशातला थोडा भाग, आणि दर महिन्याची एक लहानशी एसआयपी. परतावा कमी मिळाला म्हणून मी तक्रार करत नाही. माझ्या पैशातून तुम्ही जे शेअर घेतलेत, त्यांच्यावरचं मत तुम्ही देता. त्या मताबद्दल मला बोलायचं आहे.

सेबीच्या नियमाप्रमाणे १ एप्रिल २०२२ पासून तुम्हाला कंपन्यांच्या प्रत्येक ठरावावर मत द्यावंच लागतं. इंडेक्स फंड आणि ईटीएफ यांनाही त्यातून सूट नाही. मत काय दिलं आणि का दिलं, हे दर तिमाहीला जाहीर करावं लागतं. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी ती लांबलचक एक्सेल फाइल उघडून वाचत बसलो. वीज कंपन्यांच्या नावांपुढे ओळीने 'बाजूने', 'बाजूने', 'बाजूने'. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच मजकूर : कायद्याचं पालन झालेलं आहे, हरकत नाही. त्या सगळ्या ओळींत कुठे हिमनदीचं तळं नव्हतं, कुठे दरड नव्हती, की ज्या गावांनी सर्व्हेला येणाऱ्यांना परत पाठवलं त्या गावांचा उल्लेख नव्हता.

मी कोण, हे आधी सांगतो, म्हणजे हा धरणविरोधी माणूस आहे असं समजून पत्र बाजूला टाकलं जाणार नाही. मी जलविद्युत केंद्रात नोकरी केली. पोफळीच्या भूमिगत विद्युतगृहात माझी उमेदीची वर्षं गेली. संध्याकाळी राज्याचा लोड चढायला लागला की फोन यायचा आणि काही मिनिटांत आम्ही मशीन लोडवर घ्यायचो. औष्णिक केंद्राला जे जमायला तास लागतात, ते कोयनेचं पाणी चहा पिऊन होईपर्यंत करतं. टर्बाइन सुरू होताना पायाखालची जमीन जी हलकेच थरथरते, ती मला अजून आठवते. त्या यंत्रांवर माझं प्रेम होतं आणि आहे.

पण त्याच नोकरीत मी शिवसागर जलाशयाकाठची माणसंही पाहिली. गाव पाण्याखाली गेलेलं, उरलेली वस्ती वर डोंगराला चिकटलेली, दवाखान्याला जायचं तर लाँचची वाट बघायची. कोयनेचे धरणग्रस्त सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत विखुरले. धरण पुरं होऊन साठ वर्षं उलटली, त्यांच्यातल्या कितीतरी घरांचा जमिनीचा प्रश्न आजही सुटलेला नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप तर आमच्या भागात अजून तारखेनिशी सांगितला जातो. म्हणून 'धरणाची वीज स्वस्त' असं कुणी म्हणालं की मी विचारतो, बिल कुणाच्या नावावर फाडलंय?

आता मुद्द्यावर येतो. एनएचपीसी ही देशातली सर्वांत मोठी जलविद्युत कंपनी. २००९ साली ३६ रुपयांना तिचा आयपीओ आला, तेव्हा आमच्या कॉलनीतही अनेकांनी अर्ज भरले होते. ती लबाड कंपनी आहे असं माझं म्हणणं नाही. तिथे उत्तम अभियंते आहेत. मला आक्षेप आहे तो पुढच्या २० वर्षांचं भांडवल कुठे टाकायचं याबद्दल तिने आणि तिच्या मालकांनी घेतलेल्या निर्णयांवर. आणि मालकांत तुम्ही येता, तुमच्यामार्फत मीही येतो.

तिस्तेचंच घ्या. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममधलं साउथ ल्होनाक हे हिमनदीच्या पुढ्यातलं तळं फुटलं. त्या तळ्याबद्दल शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं आधीपासून लिहीत होते. पाण्याचा लोंढा चुंगथांगला पोचला आणि १,२०० मेगावॉटच्या तिस्ता-३ प्रकल्पाचं ६० मीटर उंचीचं धरण काही मिनिटांत वाहून गेलं. २०१७ साली सुरू झालेला, सुरुवातीच्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त खर्च झालेला, जवळजवळ १४ हजार कोटींचा प्रकल्प! कित्येक माणसं गेली, कित्येकांचा पत्ताच लागला नाही. फुटलेल्या धरणाचं पाणी आणि दगडमाती मूळ पुरात मिसळून खाली गेली आणि एनएचपीसीच्या ५१० मेगावॉटच्या तिस्ता-५ चं केंद्रही बुडालं. ते सावरायचं काम चालू असतानाच २० ऑगस्ट २०२४ ला वरचा डोंगर घसरून तिथल्या इमारतीवर आला. चालू स्थितीतलं, कर्ज फेडत आणलेलं, नियमित उत्पन्न देणारं केंद्र असं बंद पडलं.

मी चिपळूणचा आहे. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात छातीभर पाणी होतं. नदी घरात आल्यावर घर कसं दिसतं, भिंतीवरची चिखलाची रेघ किती वर्षं पुसली जात नाही, हे मला कुणी सांगायला नको. त्यामुळे चुंगथांगची चित्रं मी बातमी म्हणून पाहू शकलो नाही. त्याच २०२१ च्या ७ फेब्रुवारीला चमोलीत रोंटी शिखराचा बर्फ-खडकाचा कडा कोसळला होता. ऋषिगंगेचा छोटा प्रकल्प पुसला गेला, एनटीपीसीच्या ५२० मेगावॉटच्या तपोवन-विष्णुगडच्या बोगद्यात कामगार अडकले. २०० हून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. त्यातले बहुतेक तिथे कामाला आलेले मजूर होते.

हिमालय तापतो आहे, हिमनद्यांपुढची तळी मोठी होत आहेत. याला तुमच्या भाषेत 'भौतिक जोखीम' म्हणतात. एका कारखान्याच्या आगीची जोखीम तुमचे विश्लेषक पानभर लिहितात. मग एकाच नदीवर एकाखाली एक उभ्या असलेल्या प्रकल्पांची जोखीम, जिथे वरचं धरण फुटलं की खालचं बुडणारच, ती तुमच्या अहवालात का दिसत नाही? जानेवारी २०२५ मध्ये तिस्ता-३ पुन्हा बांधायला पर्यावरण मंत्रालयाच्या समितीने हिरवा कंदील दाखवला. आता धरणाची उंची जवळजवळ ११९ मीटर, म्हणजे आधीच्या दुपटीला टेकलेली.

तिस्तेच्याच खोऱ्यात, झोंगू भागात लेपचा समाज राहतो. जून २००७ मध्ये त्यांच्या तरुणांनी गंगटोकला साखळी उपोषण सुरू केलं, ते ९१५ दिवस चाललं. धरणं नकोत, ही नदी आमची देवता आहे आणि हे डोंगर कच्चे आहेत, हे ते तेव्हापासून सांगत होते. त्यांच्यातल्या एकाकडेही एमबीएची पदवी नसेल, पण जोखमीचं मूल्यमापन त्यांचंच बरोबर निघालं.

पैशाचा हिशेबही पाहू, कारण तुमचं पहिलं कर्तव्य तेच आहे. आसाम-अरुणाचलच्या सीमेवरच्या, एनएचपीसीच्याच सुबनसिरी लोअर प्रकल्पाचं काम २००५ मध्ये सुरू झालं. २,००० मेगावॉट, अंदाज ६,२८५ कोटी रुपये, आणि वीज २०१० च्या सुमाराला येणार होती. डिसेंबर २०११ मध्ये आसाममधल्या आंदोलनामुळे काम थांबलं, ते थेट २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झालं. २७ ऑक्टोबर २०२३ ला दरड कोसळून पाणी वळवणारा एकमेव चालू बोगदा बुजला आणि खालची नदी एका दिवसात ओढ्यासारखी झाली. २०२४ साल संपलं तेव्हाही एक युनिट वीज ग्रिडला मिळाली नव्हती. सुधारित खर्च २६ हजार कोटींच्या घरात. हे भांडवल किती वर्षं गोठलं, त्यावर व्याज किती चढलं, याचा हिशेब मला नोकरीत कधी मांडावा लागला नाही. तुम्हाला मात्र रोज मांडावा लागतो. तिकडे याच २० वर्षांत या देशातली सौरऊर्जा जवळजवळ शून्यातून १०० गिगावॉटवर पोचली. जानेवारी २०२५ मध्ये तो टप्पा ओलांडला.

आणि तरीही कंपनीची पुढची यादी तशीच आहे. अरुणाचलमधलं दिबांग, २,८८० मेगावॉट, २७८ मीटर उंच धरण, फेब्रुवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेला खर्च जवळजवळ ३२ हजार कोटी. वनखात्याच्या सल्लागार समितीने या प्रकल्पाची वनपरवानगी आधी दोनदा नाकारली होती. त्याहून पुढे सियांग, ११ हजार मेगावॉटचा बेत. मे २०२५ मध्ये तिथे सर्व्हेची यंत्रं आणि त्यांच्या सोबतीला सशस्त्र पोलीस पोचले, तेव्हा आदी समाजाची माणसं रस्त्यावर उतरली. चीनने वरच्या बाजूला महाकाय धरण बांधायला घेतलं आहे, म्हणून आपणही बांधलं पाहिजे, असं सरकार सांगतं. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर तो संसदेत मांडावा, त्याचा खर्च संरक्षणाच्या अर्थसंकल्पात दाखवावा. भागधारकांच्या वहीत तो 'हरित गुंतवणूक' म्हणून का यावा?

'हरित' या शब्दावर थोडं थांबतो, कारण फसगत इथेच होते. मार्च २०१९ पर्यंत २५ मेगावॉटवरची जलविद्युत सरकारी व्याख्येत 'नवीकरणीय' नव्हती. त्या महिन्यात मंत्रिमंडळाने एका निर्णयाने ती नवीकरणीय ठरवली. आदल्या दिवशीचं धरण आणि दुसऱ्या दिवशीचं धरण यांत एका विटेचा फरक नव्हता, पण तेव्हापासून तुमच्या ईएसजीच्या, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यांच्या निकषांच्या तक्त्यात मोठी धरणं आणि सौर पॅनेल एकाच रकान्यात बसतात. याच निर्णयाने प्रकल्पाचं आयुष्य ४० वर्षं धरून आणि दर वर्षी दर वाढवत नेऊन सुरुवातीची वीज स्वस्त दाखवायची सोयही करून दिली. गाळाने भरलेल्या हिमालयी नदीवर ४० वर्षं! टर्बाइनच्या पात्यांची गाळाने काय दशा होते, हे मी या हातांनी पाहिलं आहे, आणि आमची कोयना त्या मानाने किती स्वच्छ पाण्याची.

माझा जुना व्यवसायबंधू इथे म्हणेल, सूर्य मावळल्यावर काय? संध्याकाळच्या लोडला पाणीच लागतं. दहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. पण आता सौर आणि बॅटरी मिळून, संध्याकाळी काही तास वीज देण्याच्या अटीसह, निविदांत तीन ते साडेतीन रुपये युनिटच्या घरात दर येऊ लागले आहेत. आणि अशा निविदा काढणाऱ्यांत खुद्द एनएचपीसी आणि एसजेव्हीएन ही दुसरी सरकारी जलविद्युत कंपनी आहेत! राजस्थानात बिकानेरजवळ करणीसरला एनएचपीसीने स्वतःचा ३०० मेगावॉटचा सौर प्रकल्प घेतला आहे. म्हणजे कंपनीला ही विद्या येते. तिथली इच्छा आणि भांडवलाचा मोठा वाटा तेवढा अजून दरीत अडकलेला आहे. बॅटरीचा प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, धरणाला १५-२० वर्षं लागतात. ज्या दराने बॅटऱ्या स्वस्त होत आहेत ते पाहता, दिबांगची वीज येईल तेव्हा ती कुणी घेईल का, हा प्रश्न तुमच्या विश्लेषकांनी कंपनीला विचारायला हवा.

सौरऊर्जा निष्पाप आहे असंही मी म्हणत नाही. राजस्थानातल्या ओरणी, म्हणजे देवरानांच्या जमिनी तिच्यासाठी जात आहेत. माळढोक वीजतारांना धडकून मरतो, आणि ज्या पक्ष्यासाठी नान्नजला अभयारण्य केलं त्याची आपल्याकडे काय अवस्था झाली हे सोलापूरकरांना विचारा. महाराष्ट्रात जून २०२३ मध्ये एनएचपीसीने राज्य सरकारशी ७,३५० मेगावॉटच्या चार उदंचन (पाणी वर चढवून ठेवून गरजेला खाली सोडायच्या) प्रकल्पांचा करार केला : काळू, सावित्री, जालोंद, केंगाडी. सह्याद्रीच्या दऱ्यांत वर एक आणि खाली एक तळं. हिमालयातल्या धरणापेक्षा हा मार्ग बरा, यात वाद नाही, पण तिथल्या ग्रामसभांना आधी विचारा. माणसं उठवून वीज करायची सवय आपल्याला मुळशीपासून लागली आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या बरोबर मावळे 'जान किंवा जमीन' म्हणत धरणाच्या कामावर बसले. ते कंपनीशी भांडले, सरकारशी भांडले, तुरुंगात गेले. ज्यांच्या भांडवलातून भिंत चढत होती त्यांच्यापर्यंत पोचायची वाट मात्र त्यांच्याकडे नव्हती.

पुढे ती वाट सापडली, आणि ती शोधण्यात नर्मदेकाठच्या लोकांचा वाटा मोठा आहे. मध्य प्रदेशातल्या महेश्वरचा ४०० मेगावॉटचा प्रकल्प हा देशातल्या पहिल्या खाजगी मोठ्या जलविद्युत प्रकल्पांपैकी एक. बायर्नवेर्क आणि फेव या जर्मनीतल्या दोन वीज कंपन्या त्यात भांडवल घालणार होत्या. निमाडमधल्या शेतकऱ्यांनी धरणाची जागा ताब्यात घेतली, उपोषणं केली, आणि त्याचबरोबर आपलं म्हणणं थेट जर्मनीत नेलं. १९९९ मध्ये दोन्ही कंपन्या बाहेर पडल्या. २००० च्या अखेरीस ओग्डेन ही अमेरिकन कंपनीही गेली. परदेशी गेले तेव्हा आपल्याकडच्या सार्वजनिक वित्तसंस्था आत राहिल्या, पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन सगळ्यांत पुढे. शेवट काय झाला? २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारने वीजखरेदीचा करारच रद्द केला, कारण ती वीज परवडणारी नव्हती. गावांचं ऐकून जे वेळेवर निघाले त्यांचे पैसे वाचले. जे राहिले त्यांचे, म्हणजे शेवटी आपले, अडकले.

कॅनडात क्री आणि इनुइट लोकांनी ग्रेट व्हेल नदीवरचा प्रकल्प असाच थांबवला. १९९० मध्ये ते होडी घेऊन थेट न्यू यॉर्कला गेले, वीज घेणाऱ्यांच्या दारात. १९९२ मध्ये न्यू यॉर्कच्या वीज प्राधिकरणाने करार सोडला, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजने आपल्याकडचे, प्रकल्प बांधणाऱ्या हायड्रो-क्यूबेक कंपनीचे रोखे विकून टाकले, आणि १९९४ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. मे २०२० मध्ये नॉर्वेच्या सरकारी निधीने ब्राझीलच्या एलेत्रोब्रास कंपनीला बेलो मोंते धरणाच्या कारणावरून आपल्या गुंतवणुकीतून वगळलं. तुमच्यासारख्याच नोकरदार व्यवस्थापकांनी, लोकांच्या पेन्शनच्या पैशाची जबाबदारी ओळखून ते केलं.

आपल्याकडे अडचण कायद्यात आहे. अमेरिकेत दोन हजार डॉलरचे शेअर ठरावीक काळ बाळगणारा साधा माणूस कंपनीच्या सभेपुढे ठराव ठेवू शकतो. इथे कंपनी कायदा २०१३ च्या कलम १०० आणि १११ प्रमाणे त्याला १० टक्के मताधिकार लागतो. एनएचपीसीचे एकूण शेअर १,००४ कोटींहून जास्त. म्हणजे माझा ठराव यायला मला शंभर कोटी शेअर घ्यावे लागतील. माझ्यासारख्या लाखो लोकांनी आपली बोटं एकत्र केली तरी मूठ वळत नाही. ती मूठ तुमच्या हातांत आहे.

तुम्ही म्हणाल, सरकारकडे बहुमत आहे, आमच्या मताने काय होणार? आकडे बघा. जानेवारी २०२४ च्या विक्रीनंतर सरकारचा हिस्सा ६७.४ टक्क्यांवर आला. साधा ठराव सरकार एकट्याने मंजूर करेल, मान्य. पण विशेष ठरावाला विरोधी मतांच्या तिप्पट मतं बाजूने लागतात. कंपनीचं भांडवल आणि राखीव निधी यांच्यापलीकडे कर्ज काढायचं असेल तर असाच विशेष ठराव लागतो, आणि अशी धरणं कर्जाशिवाय उभी राहत नाहीत. बाहेरच्या भागधारकांनी मिळून कंपनीतल्या एकूण साडेबावीस टक्के शेअरांचं मत 'नाही' असं दिलं तर तो पडतो. म्युच्युअल फंडांकडे एकट्यांकडे तेवढं नाही. विमा कंपन्या आणि परदेशी फंड यांना बरोबर घ्यावं लागेल, आणि तुमचे फोन त्यांना रोज जातातच. आणि रोख्यांसाठी तर मतही लागत नाही. तुमचे डेट फंड या कंपन्यांचे रोखे घेतात. पुढच्या वेळी रोखे घ्यायच्या आधी विचारा, हा पैसा करणीसरला जाणार की दिबांगला? उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नका. डार्टमथने एवढंच केलं होतं.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. हिमनदीच्या तळ्यांखालच्या प्रत्येक प्रकल्पाचा फुटीचा अभ्यास कंपनीने प्रसिद्ध करावा, हे सभेत विचारा. गावांची संमती नाही तिथे नव्या प्रकल्पासाठी कर्जाचा ठराव आला तर विरोधात मत द्या. नवं भांडवल सौर, पवन आणि बॅटरीकडे वळवायचं वेळापत्रक मागा, वर्षं आणि रकमा लिहिलेलं. आणि कोयनेसारखी जुनी केंद्रं नीट सांभाळायला, त्यांच्या धरणग्रस्तांचं राहिलेलं देणं फेडायला पैसे लावा. तिथली मशीन अजून उत्तम चालतात.

पुढच्या तिमाहीत मी ती फाइल पुन्हा उघडणार आहे. एनएचपीसीच्या ओळीपर्यंत येईन आणि शेवटच्या रकान्यात तुम्ही काय कारण लिहिलंत ते वाचेन.

आपला,
एक युनिटधारक
(निवृत्त अभियंता, चिपळूण)